बाळाचं बोट

झग्याची बाही बाळाच्या उजव्या हातावरून सरकन खाली उतरायला हवी होती, ती मधेच अडली. रोसाल्बाने मनातल्या मनात झगा शिवणाऱ्या बाईला नावं ठेवली, बाही मागे घेतली, लेसची चुणी सारखी केली आणि पुन्हा सरकवली. पुन्हा अडली. हा हात तिला डोळे मिटून पाठ होता. दर दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, नाताळपासून पाळण्यात झोपलेल्या बाळ येशूच्या मूर्तीला उचलायचं, नवे कपडे घालायचे, देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि मग वर्षभर त्याच्या छोट्या खुर्चीवर बसवायचं. हे सगळं ती कळायला लागल्यापासून याच टेबलाच्या कडेला उभं राहून बघत आली होती. आणि या हाताची खुबी अशी, की कुठल्याही मापाची बाही त्यावरून बिनतक्रार उतरायची, कारण तिला अडवायला तिथे काही नव्हतंच. आशीर्वादासाठी वर झालेला इवलासा प्लास्टरचा हात, मधलं बोट ताठ, अंगठा आडवा, आणि दोहोंच्या मध्ये जिथे तर्जनी असायची तिथे नुसता पिवळट खुंट. रोसाल्बाने बाही वर गुंडाळली आणि बघितलं. खुंट नव्हता. तिथे बोट होतं. नवंकोरं, गुलाबी, बाकीच्या हातापेक्षा जरा उजळ आणि खरं सांगायचं तर जरा लांबच. बाळ तिच्या मांडीवर उताणं पडलं होतं आणि ते बोट थेट तिच्या छातीकडे रोखलेलं होतं.

पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती अशी, की आता पुस्तकाचं काय. ही गोष्ट मनात आल्याची तिला लगेच लाजही वाटली, पण आली ती आलीच. तिच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर हाच हात होता. आतली तीन पिढ्यांची सगळी माणसं, सीमेवरची नदी ओलांडून आलेली आजी, बेकरीत रात्रपाळी करणारा बाप, मुकाट आई आणि सगळं टिपत बसणारी मुलगी, ही सगळी त्या एका खुंटाभोवती जमा झाली होती. ‘पाणी फार थंड होतं,’ हे कादंबरीचं पहिलं वाक्य. आजी शालीत गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून नदीत उतरते, मध्यावर पाय सटकतो, बाळ दगडावर आपटतं, बोट तुटून प्रवाहात जातं. मग पुढची साडेतीनशे पानं त्या घरातलं प्रत्येक लेकरू एका थोट्या हाताचा आशीर्वाद घेऊन मोठं होतं. मागच्या शरद ऋतूत एका कॉलेजात तिला बोलावलं होतं. तिथल्या प्राध्यापकांनी फळ्यावर तो हात काढला, खुंटाला बाण काढून शेजारी लिहिलं: जमीन, भाषा, वडील. एका मुलीने विचारलं, तर्जनीच का? रोसाल्बा क्षणभरच थांबली होती आणि मग म्हणाली होती, कारण आपण कुठून आलो ते दाखवायचं बोट तेच असतं. ते या घराकडे उरलेलं नाही. मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि तिला स्वतःलाच गहिवरून आलं. घरी परतताना हायवेवर गाडीत तिने ते वाक्य दोनदा मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं. आणि आता ते बोट आपलं उगवलेलं, जणू मधल्या काळात कुठे बाहेरगावी गेलं होतं.

स्वयंपाकघरातून वाफेचा, मक्याच्या पिठाचा आणि लाल मिरचीच्या वाटणाचा वास येत होता. आत आई आणि तेओदोरा मावशी मक्याच्या सालांत पीठ-मांस भरून वाफवायच्या तमालांच्या मोठ्या पातेल्यापाशी होत्या. मावशी बोलत होती आणि आई बोलत नव्हती, म्हणजे सगळं रोजच्यासारखं होतं. आईचं नाव अमालिया. सॅन अँटोनियोच्या या पश्चिमेकडच्या गल्लीत लोक तिला घड्याळासारखं ओळखत, बोलत नाही पण चुकतही नाही. पुस्तक निघाल्याला येत्या वसंतात वर्ष होणार होतं आणि या वर्षात आईने पुस्तकाबद्दल एक शब्द काढला नव्हता. चांगलं नाही, वाईट नाही, शब्दच नाही. पहिली प्रत रोसाल्बाने तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती ॲप्रनला हात पुसून घेतली, मुखपृष्ठावरून तळवा फिरवला, म्हणाली, “जड आहे,” आणि बैठकीच्या खोलीत बाबांच्या फोटोशेजारी उभी करून ठेवली. शेजारच्या बायकांना ती दाखवायची, हे मावशीकडून कळायचं. पण रोसाल्बाला काही नाही. पुस्तक इंग्रजीत होतं आणि आई इंग्रजी दुकानापुरतं वाचायची, ही सबब रोसाल्बाने आईच्या वतीने स्वतःला दिली होती. ती पुरत नव्हती. वर्तमानपत्रात चांगलं छापून आलं, एक छोटं बक्षीसही मिळालं, अनोळखी माणसांनी डोळे पुसत तिचे हात हातात घेतले, आणि दर वेळी तिच्या आत एक सात वर्षांची पोर परकराला नाक पुसत विचारायची, आईला आवडलं का? एक्केचाळिसाव्या वर्षी ही पोर अजून घर सोडत नाही याचा तिला रागही यायचा. कधी वाटायचं, आई चिडली असेल. घरातलं सगळं आपण चव्हाट्यावर मांडलं. कधी वाटायचं, चिडली असती तर बरं झालं असतं.

आणि आता हे बोट. हा आईचा शब्द होता का? म्हणजे, तू लिहिलंस ते मी पुसून टाकते, असा? रोसाल्बाने अंगठा त्या बोटाच्या बुडाशी नेला. सांधा जाणवत होता, बारीकशी कड होती. दाब दिला असता तर सहज निघालं असतं. एक क्षणभर तिला खरंच तसं करावंसं वाटलं, आणि त्या क्षणात तिला स्वतःचीच फार भीती वाटली. देवाच्या मूर्तीचं बोट मोडायला निघालेली बाई, का तर तिच्या कादंबरीत ते मोडकं आहे. तिने अंगठा काढून घेतला आणि बाळाच्या पोटावर उगाच हात फिरवला. त्याचे काचेचे डोळे नेहमीसारखे तिच्या खांद्यावरून पलीकडे कुणाकडे तरी बघत होते. यंदा तीच धर्ममाता होती. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, रोस्का, म्हणजे सणाचा गोल गोड पाव, कापला तेव्हा आत दडवलेली बोटभर बाहुली तिच्याच तुकड्यात निघाली होती. ज्याच्या वाट्याला बाहुली त्याने पुढची तीन वर्षं बाळाला सजवायचं. याआधीची तीन वर्षं हा मान मावशीच्या मुलाकडे होता आणि त्याने बाळाला डॉक्टर केलं होतं, पांढरा कोट, गळ्यात इवलासा स्टेथोस्कोप. त्यावरून मावशीला अजून ऐकून घ्यावं लागत होतं. रोस्का कापत होती आई. सुरी टेकवण्याआधी तिने पावाला खालून बोटांनी चाचपलं होतं, हे रोसाल्बाला आत्ता आठवलं. तिला तेव्हा वाटलं होतं, पाव भाजलाय का ते बघतेय.

“अगं ए लेखिकाबाई!” मावशीचा आवाज आला. “झालं की नाही बाळाचं? देवळात अकराची मिस्सा आहे. पाद्री काही तुझ्या पुढच्या प्रकरणाची वाट बघत थांबायचा नाही.”

“आले.” रोसाल्बा बाळाला अर्ध्या कपड्यात तसंच कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. उजवी बाही अजून वर गुंडाळलेली होती. तिने बाळाचा तो हात नुसता पुढे केला.

आईने पातेल्याचं झाकण ठेवलं. वाफेने तिचा चष्मा पांढरा झाला होता, तो काढून तिने ॲप्रनला पुसला, पुन्हा लावला आणि बोटाकडे असं पाहिलं, जसं ती भाजीवाल्याने काट्यावर टाकलेल्या टोमॅटोकडे बघायची. “लांब झालंय थोडं,” ती म्हणाली. “मी म्हटलं होतं त्याला, लांब होतंय. तो म्हणाला, बाई, वाळल्यावर बसेल. कुठे बसलंय.”

“आई, हे कधी केलंस?”

“ऑक्टोबरमध्ये. बाजाराजवळ तो एक जण मूर्ती नीट करतो ना, त्याच्याकडे.”

“आणि मला माहीतच नाही!” मावशी मक्याची सालं टाकून उठली. “अमालिया, आधी डॉक्टरच्या कोटाची बाही त्याच्या बोटांवर ओढलीस, आणि मग नाताळभर मी त्या बाळाला झोका देतेय आणि तू त्याला मानेपर्यंत गुंडाळून ठेवलंस, होय? मला वाटलं त्याला थंडी वाजेल म्हणून.”

“थंडीही होती,” आई म्हणाली.

स्वयंपाकघरात गॅसचा हीटर फुरफुरत होता, खिडकीबाहेर पिकॅनच्या झाडाखाली शेजाऱ्यांचा कुत्रा उभा होता, वास येईल तसं नाक हलवत. तिच्या मनात एकाच वेळी दोन स्वयंपाकघरं उभी होती. एक हे, आणि एक पुस्तकातलं, जिथे भिंती अधिक काळ्या होत्या, हीटर कायम बंद पडलेला असायचा आणि वडील टेबलाशी बसून तमाल अगदी सावकाश, डोळे मिटून, एकेक घास जिभेने तपासत चावायचे. हे वडिलांचं चावणं तिने कुठूनही आणलं नव्हतं, ते खरंच होतं. तिबुर्सियो, तिचे बाबा, असेच चावायचे. तिने त्यावर दोन पानं लिहिली होती. कोरड्या गावातली उपासमार एका माणसाच्या जबड्यात कशी राहून जाते, पोट भरलं तरी दात विसरत नाहीत. आणि मग आई विचारायची, “मिळालं?” बाबा मान हलवून म्हणायचे, “अजून नाही.” लहान रोसाल्बा विचारायची, काय मिळालं, बाबा? दोघं एकमेकांकडे बघायची आणि उत्तर द्यायची नाहीत. पुस्तकात हे दोन शब्द पाच वेळा येतात. एका परीक्षणात छापून आलं होतं, की ‘अजून नाही’ हा या कुटुंबाचा प्रार्थनामंत्र आहे. काम, कागदपत्रं, घर, देव, काहीच अजून मिळालेलं नाही. रोसाल्बाला ते वाचून बरं वाटलं होतं, कारण तिलाही लिहिताना नेमकं काय मिळालेलं नाही ते ठाऊक नव्हतं आणि आता कुणीतरी सांगत होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांना विचारायची सोय नव्हती. कधी कधी तिला वाटायचं, ते मुळात तसे होते की मी लिहिलं म्हणून तसे झाले? त्यांचा चेहरा आठवायला गेलं की आधी आपली वाक्यंच समोर यायची आणि चेहरा त्यांच्यामागे कुठेतरी उभा असायचा.

“आई, तुला पुस्तक आवडलं नाही का?” शेवटी तिने विचारलं, आणि आवाज त्या सात वर्षांच्या पोरीचाच निघाला.

“मी वाचून दाखवलं हं तिला,” मावशी मधेच म्हणाली. “सगळं. दुपारची मालिका संपली की एक प्रकरण. शाळेच्या कँटीनमध्ये एवढी वर्षं काढली, इंग्रजी येतं मला. जिथे नाही आलं तिथे मी आपलं घातलं. त्या पाद्र्याचं लफडं मी जरा वाढवलं.”

“पाद्र्याचं लफडं पुस्तकात नाहीये, मावशी.”

“नाही? मग चांगलं घातलं मी.”

आई हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. तिने खुर्ची ओढली, बसली आणि बाळ रोसाल्बाच्या कडेवरून आपल्या मांडीवर घेतलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. “ती मुलगी,” ती म्हणाली, “पुस्तकातली. ती रोज रात्री अंथरुणातून उठते आणि बाळाचं बोट शोधते. पलंगाखाली, कपाटामागे. आणि रडते. तेओदोराने ते वाचलं आणि मी तिला म्हटलं, थांब, आज पुरे.”

“मला म्हणाली डोकं दुखतंय,” मावशी म्हणाली.

“तू उठायचीस,” आई रोसाल्बाकडे बघत म्हणाली. “सहा-सात वर्षांची होतीस. मला पावलं ऐकू यायची. मी म्हणायचे, पाणी प्यायला उठली असेल. मी कधी उठून आले नाही. सकाळी लवकर उठायचं असायचं, मी कूस बदलून झोपायचे. मला काय ठाऊक, पोरगी रात्रभर ते बोट शोधतेय. तुला एवढं दुखत होतं तर सांगायचंस ना गं. कधीच नीट करून आणलं असतं.”

रोसाल्बा रात्री उठायची, हे खरं होतं. पण बोट शोधायला? ती दाराच्या काचेला नाक लावून उभी राहायची, बाबा बेकरीतून आले का ते बघायला. निदान तिला आत्ता तसं वाटत होतं. पुस्तकात तिने तिथे बोट घातलं होतं, कारण दाराशी उभी राहिलेली मुलगी कुठल्याही पुस्तकात असते. एक साधी तडजोड, एका संध्याकाळी चहाच्या कपाबरोबर केलेली. आणि तिची आई, जिला वर्षभर ती गप्प समजत होती, ती ऑक्टोबरपासून त्या तडजोडीने जखमी होऊन बसली होती. बाळाला टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून, एकटी बसने बाजारात गेली होती. सांगून टाकावं, आई, ते मी रचलं होतं, असं रोसाल्बाच्या ओठांवर आलं. पण आईने नीट करून आणलेली गोष्ट होती ती, आता मोडकी नव्हतीच असं कसं सांगायचं? ती खाली वाकली आणि आईच्या पिठाळ मनगटाला तिने आपलं कपाळ टेकवलं.

“हां हां, केसांना पीठ लागेल,” आई म्हणाली, पण हात काढून घेतला नाही.

“नीट केलंस ते केलंस,” मावशीने डोळे पुसत फणकारा मारला, “पण अमालिया, ते नदीत गेलेलं बोट होतं. आपल्या आईची निशाणी. असं कुणालाही देऊन चिकटवून आणायचं म्हणजे...”

“नदीत नव्हतं गेलं,” आई म्हणाली.

मावशी थांबली. रोसाल्बाने मान वर केली. आईने बाळाच्या हातावरची बाही हळूच खाली ओढायला घेतली. तिच्या हातून ती न अडता उतरली. “माझं लग्न झालं त्या वर्षी,” ती बाहीकडेच बघत बोलायला लागली, “आम्ही दोघं धर्ममाता-पिता होतो. माझे हात असेच पिठात. मी तिबुर्सियोला म्हटलं, तू चढव झगा. आता त्याचे ते हात तुम्हाला माहीत आहेत. पावाचा गोळा थापावा तशी त्याने बाही ओढली. टक्कन आवाज आला. बोट उडालं आणि या इथून,” तिने हनुवटीने दाखवलं, “गेलं ते सरळ पिठाच्या टबात. आम्ही बघत राहिलो. मग शोधलं. सगळं पीठ उपसलं. नाही मिळालं. बाहेर पाहुणे बसलेले, आई बाहेरून हाका मारतेय, तमाल कुठे आहेत म्हणून. मग काय करणार? भरले आणि वाफवले.”

“देवा!” मावशी खाली बसली. “मी खाल्ले ते!”

“सगळ्यांनीच खाल्ले. रात्रभर आम्ही दोघं लोकांच्या तोंडांकडे बघत होतो, कुणाच्या दाताखाली कट होतंय. कुणीच ओरडलं नाही. तिबुर्सियो म्हणायचा, पाद्र्यानेच गिळलं, त्याने चावलं असेल तर शपथ. आणि मग त्याने ते सुरू केलं. दर कांदेलारियाला. पहिला तमाल घ्यायचा, डोळे मिटायचे आणि हळूहळू चावायचा. मी विचारायचं, मिळालं? तो म्हणायचा, अजून नाही. पातेलं बदललं, घर बदललं, तू झालीस, तरी शोधतोच आहे, वेडा.” आईचा आवाज किंचित हलला आणि पुन्हा जागेवर आला. “इतर दिवशी बघायचं होतंस त्याला. कुत्र्यासारखा गिळायचा. चावणं माहीतच नव्हतं.”

हो. रोसाल्बाला एकाएकी तो दिसला, वाक्यांच्या मागचा. बेकरीतून सकाळी आलेला, भुवयांत मैदा, उभ्या उभ्या कढईतून दोन घासात अंडी संपवणारा, आई म्हणतेय बस तरी, आणि तो भरल्या तोंडाने हसतोय. हसताना त्याचा वरचा एक दात आडवा दिसायचा. तो दात पुस्तकात कुठेच नव्हता. साडेतीनशे पानांत तिने त्याला एकदाही हसवलं नव्हतं.

“पण आजी?” तिने विचारलं. “आजीने स्वतः मला सांगितलंय. शंभर वेळा. पाय सटकला, दगड, सगळं.”

“तेच तर सांगतेय. त्याच रात्री आईने बाळाच्या हाताचं चुंबन घ्यायला ओठ लावले. तेव्हा तिला मोतीबिंदू, दिसायचं नाही फारसं. ओठांना खुंट लागला. म्हणाली, बोट कुठाय? माझी तर वाचाच बसली. आमची आई, निएवेस बाई, म्हणजे काय, तेओदोराला विचार. आणि तुझा बाप पटकन म्हणतो, आई, ते नदीतच नाही का गेलं? तुम्हीच तर सांगितलं होतंत.” पातेल्याचं झाकण वाफेने थडथडत होतं. “तोवर तिने नदीबद्दल आम्हाला कधी काही सांगितलं नव्हतं. आम्ही तिघं भावंडं विचारायचो, कशी आलीस गं? ती म्हणायची, चालत. बस. त्या रात्री मला वाटलं, आता ती काठी उचलते. पण ती बसली, बाळाला घट्ट धरून, खूप वेळ. आणि मग म्हणाली, हो. पाणी फार थंड होतं.”

रोसाल्बाला आजीचा आवाज ऐकू आला, जसा तिला गोधडीत शिरून ऐकायची सवय होती, तंबाखूने खरखरीत झालेला, प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात करणारा. पाणी फार थंड होतं. आणि मग शाल, आणि मग ज्याने हात दिला तो माणूस, आणि मग पलीकडच्या काठावर राहिलेली धाकटी बहीण, जिचं नाव आजी फक्त त्याच गोष्टीत घ्यायची. बोट पिठात पडलं होतं. बहीण मात्र खरंच काठावर राहिली होती.

“त्यानंतर ती थांबलीच नाही,” आई म्हणाली. “मरेपर्यंत सांगत राहिली. मग आम्ही कसं बोलणार? तिबुर्सियो म्हणाला, अमालिया, राहू दे. आपलं बोट गेलं, पण तिला तोंड फुटलं.”

“आणि मी!” मावशी ओरडली. “मी त्या बोटासाठी नऊ दिवसांची प्रार्थना केली! दोनदा! आमच्या कपाळी हे असे जावई!” आणि ती हसायला लागली, मक्याची सालं तोंडावर धरून, खांदे हलवत, मग रडायला लागली, मग पुन्हा हसली. रोसाल्बाही हसली. मग हसता हसता तिच्या लक्षात आलं ते तिला तिथेच थांबवून गेलं. तो खुंट आईचा होता. जमिनीचा नव्हे, भाषेचा नव्हे, आईचा. तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षाचा, त्या अजागळ माणसाच्या हातांचा. दर वर्षी कपडे बदलताना आईने त्या खुंटावरून अंगठा फिरवला असेल, आणि बघणाऱ्या मुलीला वाटलं असेल, आई दुःख करतेय. आणि तोच तिने बुजवून आणला होता, मुलीला दुखतं म्हणून.

“आई,” ती म्हणाली, “मग तू ते का नीट केलंस? तुझी... बाबांची एवढी एकच गोष्ट होती ती.”

“एकच कशाला? बाकी थोड्या मोडल्यात त्याने?” आईने बाळाची कॉलर सारखी केली. “पुस्तक चांगलंय गं. मला माझी आई परत ऐकू आली त्यात. तेओदोरा वाचायला लागली, पाणी फार थंड होतं, आणि मला हातातली सुई खाली ठेवावी लागली. पण तुझा बाप हसायचा, बाळा. तेवढं एक राहिलं तुझ्याकडून.” मग तिने बाळ उचलून रोसाल्बाच्या हातात दिलं. “घे. टोपी घाल त्याला. आणि बोट सांभाळ, नवीन आहे.”

बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता. देवळात बायका आपापली बाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, काही मखमलीत, काही फुटबॉलच्या सदऱ्यात. पाद्री मधल्या वाटेने पाणी शिंपडत आला आणि रोसाल्बाच्या बाळावरही दोन थेंब पडले. ते लांबडं बोट लेसमधून बाहेर आलं होतं. शेजारच्या बाकावरच्या एका तरुण मुलीने बाळाकडे, मग रोसाल्बाकडे पाहिलं, पुस्तक वाचलं असावं तिने, आणि गोंधळून पुन्हा बोटाकडे पाहिलं. रोसाल्बाने तिच्याकडे बघून स्मित केलं. समजावून सांगायला सुरुवात करायची तर कुठून करायची, हे तिला कळेना, आणि गंमत म्हणजे त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. बाळ तिच्या हातात जड होतं. यापुढे तीन वर्षं ते तिचं होतं, आणि आईने ते पावाच्या तुकड्यातून मुद्दाम तिच्या पदरात घातलं होतं.

घरी आल्यावर बाळाला त्याच्या खुर्चीवर बसवलं, बाबांच्या फोटोशेजारी, पुस्तकाला जरा सरकवून. भाऊबंद आले, खोली भरली, मावशीने दारातच प्रत्येकाला पकडून बोटाची कहाणी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या माणसापर्यंत त्यात पाद्र्याचं दुखावलेलं पोट आलं. तमालांचं ताट फिरलं. रोसाल्बाने आपल्या वाट्याचा उचलला, गरम सालं सोलली, वाफ तोंडावर घेतली. आई टेबलाच्या पलीकडे बसली होती. तिने आपल्या तमालाचा तुकडा तोंडात घातला आणि ती अगदी सावकाश चावत होती, डोळे मिटून. सहा वर्षं ती असंच एकटी चावत असणार, आणि तिला कुणी विचारलं नसणार. रोसाल्बाने घास घेतला. मऊ पीठ, मिरचीची ऊब, मांसाचा एक धागा. तिने डोळे मिटले आणि जिभेने, दातांनी, न घाबरता, कोपरान् कोपरा तपासत चावायला लागली. भोवती सगळे एकदम बोलत होते. त्या गलक्यातून टेबलाच्या पलीकडून आईचा आवाज आला, कुणाला मीठ हवं का विचारावं तितक्या साधेपणाने.

“मिळालं?”

रोसाल्बाने डोळे उघडले नाहीत. तोंड भरलेलं होतं, आणि हसूही आवरत नव्हतं.

“अजून नाही,” ती म्हणाली.